गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर

गाळप हंगामात वडगाव रासाईच्या भागात उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागे ऑटोमॅटिक गाडी रांगत नेली, की गिअरबॉक्सचं तेल तापू लागतं. इंजिन आणि गिअर यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळलं जातं. वेग कमी असताना ही घुसळण वाढते, आणि समोरून वाराही मिळत नाही. तेल साधारण ८० ते ९५ अंशांवर ठीक असतं. १२० अंशांच्या वर ते झपाट्याने करपतं.

बाहेरून बसवायचा कूलर म्हणजे तेलासाठीचा छोटा रेडिएटर. तो गाडीच्या मूळ कूलरनंतर, गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या नळीत जोडतात. शक्यतो थर्मोस्टॅटवालाच घ्यावा, कारण थंडीतल्या पहाटे तेल अति गार राहणंही वाईट. पाइप तेलाचाच हवा, पाण्याचा चालत नाही. कूलरला पंखा असेल, तर तो रिले आणि फ्यूजमधूनच जोडावा, आणि तो गाडीच्या वाऱ्याच्याच दिशेने हवा ढकलतो ना, हे आधी पाहावं. उलटा बसलेला पंखा नसलेलाच बरा! रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर टांगण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. घासून घासून नळी फुटते. पक्की पट्टी ठोका. नंतर तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तपासायची.

धूळ आणि पाचटाचा भुसा कूलरच्या जाळीत अडकतो. तो हलक्या हवेने काढावा. एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, गाडीला मात्र हे काहीच लागत नाही, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरच नसतो. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा.