गुडघ्याची चुंबकीय प्रतिमा आणि ‘फाट’ या शब्दाचा अर्थ

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकातील विषयावर लेखणी चालवावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्यास निमित्त असे घडले. साठी उलटलेले आमचे एक आप्त गुडघ्याच्या एमआरआय तपासणीचा अहवाल घेऊन आमच्याकडे आले. आतल्या बाजूच्या मेनिस्कसला ‘फाट’ आहे, असे त्यात नमूद होते. “फाटले आहे, म्हणजे शिवावे लागणारच ना?” हा त्यांचा प्रश्न. प्रश्न शरीराचा खरा. परंतु तो निर्माण झाला होता एका शब्दातून. तो शब्द कोठून येतो आणि त्याचा अर्थ कोठवर पोहोचतो, हे सांगावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. त्यांचा आकार चंद्रकोरीसारखा, म्हणूनच ‘छोटा चंद्र’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांस मेनिस्कस हे नाव पडले. आपल्याकडे त्यांस ‘गादी’ म्हणतात आणि भार झेलण्याचे त्यांचे कार्य पाहता हा शब्द समर्पक आहे. सांध्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांस छेदून जातात. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे स्पष्ट उमटतात. गादी आणि अस्थिबंध मात्र दिसत नाहीत. ही उणीव चुंबकीय प्रतिमेने भरून काढली.

या यंत्राचे तत्त्व थोडक्यात असे. शरीरातील पाणी व चरबी यांत हायड्रोजन विपुल असतो. त्याचे अणुकेंद्र प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले असता विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओ लहरींस प्रतिसाद देते. यास अनुस्पंदन म्हणतात. रुग्णालयांत सामान्यतः आढळणारे १.५ टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते व त्यात ही कंप्रता सेकंदास सुमारे ६.४ कोटी इतकी भरते. लहरी थांबल्या की अणुकेंद्रे क्षीण संकेत परत देतात. क्षेत्राची तीव्रता जागोजाग किंचित बदलती ठेवल्यास कोणता संकेत कोठून आला हे ठरविता येते, ही कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. त्यांस व पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ नावातील ‘अणुकेंद्रीय’ हे विशेषण व्यवहारात गळून पडले, कारण ते ऐकून लोकांस अणुबाँब आठवे. वस्तुतः या तपासणीत क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारण मुळीच नसते. धोका असतो तो चुंबकाच्या ओढीचा. म्हणून शरीरात पेसमेकर अथवा धातूचा तुकडा असल्यास तो आधी सांगावयास हवा.

आता प्रतिमेच्या वाचनाकडे वळू. गादीतील पाणी तंतूंच्या घट्ट विणीत बांधलेले असल्याने तिचा संकेत तत्काळ विझतो आणि निरोगी गादी काळी दिसते. त्या काळ्या त्रिकोणात उजळ रेषा उमटून ती पृष्ठभागास भिडली, तर तिला फाट म्हणतात. रेषा आतच राहिली तर म्हणत नाहीत. एकाच चित्रावर विसंबू नये, निदान दोन चित्रांत ती पृष्ठभागास भिडलेली असावी, असा दंडक आहे. पुढचा अस्थिबंध तुटल्यास त्याची सरळ काळी पट्टी खंडित वा नागमोडी होते आणि हाडांच्या आतील मुका मारही उजळ डागाच्या रूपाने उमटतो.

परंतु खूण आणि अर्थ या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींच्या गुडघ्यांची अशी तपासणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या गादीस फाट आढळली त्यांपैकी ६१ टक्के लोकांस मागील महिनाभर गुडघ्याचा कोणताही त्रास नव्हता. पुढे फिनलंडमध्ये झिजेने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी शस्त्रक्रिया, तर काहींवर केवळ तिचा आभास करण्यात आला. वर्षाअखेर दोन्ही गटांस सारखाच आराम पडला होता, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. अर्थात्, कबड्डीत पाय पिरगळून गुडघा अडकलेल्या तरुणाची गोष्ट वेगळी. त्याच्या गादीचा तुटका भाग सांध्यात सरकलेला असू शकतो व तेथे शस्त्रक्रिया बहुधा आवश्यक ठरते.

म्हणून प्रतिमेपूर्वी रुग्णाचे बोलणे ऐकावयाचे असते. ‘गुडघा अडकतो’ हे वाक्य गादीकडे बोट दाखविते. ‘चालताना सटकतो’ हे अस्थिबंधाकडे. दुखापतीनंतर तासा-दोन तासांत टम्म सूज आली, तर सांध्यात रक्त साचल्याचा आणि पुढचा अस्थिबंध तुटल्याचा संशय येतो. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, तर गादीची शक्यता अधिक. यानंतर डॉक्टर गुडघा हाताने हलवून पाहतात आणि या दोहोंशी जुळेल तेव्हाच प्रतिमेतील खुणेस वजन येते.

आमच्या आप्तांचा गुडघा अडकतही नव्हता, सटकतही नव्हता. डॉक्टरांनी त्यांस मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले. हे ऐकूनही ‘फाट’ हा शब्द त्यांच्या मनातून लवकर गेला नाही. काही आठवडे ते जिना उतरण्यास भीत होते. एकच शब्द वयोमानाची झीज आणि ताजा आघात या दोहोंस लावला की असे घडते. मराठीत अहवाल समजावून सांगताना पहिलीस ‘झिजेची चीर’ आणि दुसऱ्यास ‘आघाताची फाट’ म्हणावे, अशी आमची नम्र सूचना आहे. परिभाषा सिद्ध करणाऱ्यांनी तिचा विचार करावा.