अर्धच्छेद आणि अखंड संख्या

एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, हा प्रश्न आपल्या आचार्यांनी फार पूर्वी हाताळला आहे. वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत त्यासाठी ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा येते. ८ चे ४, ४ चे २ आणि २ चा १. म्हणून ८ चे अर्धच्छेद ३. आधुनिक गणितात यालाच २ या पायाचा लॉगरिदम म्हणतात. १९३९ पासून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ही टीका अमरावतीहून प्रकाशित होऊ लागली आणि ताडपत्रांवरील हे गणित अभ्यासकांच्या हाती आले. ‘अनुयोगद्वारसूत्रा’त सांगितलेली मनुष्यसंख्या २९ अंकी असून तिचे अर्धच्छेद ९६ आहेत, म्हणजे ९६ वेळा २ मांडून केलेला तो गुणाकार होय.

अशा संख्येतून १ वजा केला की तिचा स्वभाव पालटतो. ८ मधून १ गेला की ७, ३२ मधून १ गेला की ३१. या मूळ संख्या आहेत. १ आणि स्वतः यांखेरीज त्यांना कोणीही निःशेष भागू शकत नाही. फ्रान्समधील ख्रिस्ती साधू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी दिली, म्हणून त्यांना मेर्सेन यांचे नाव मिळाले. येथे एक अट आहे. अर्धच्छेदांची संख्या स्वतः मूळ असावी लागते. ९६ मूळ नाही, म्हणून त्या २९ अंकी संख्येतून १ वजा केल्यास बाकीला ३ ने भाग जातो. मात्र एवढी अटही पुरेशी नाही. ११ मूळ आहे, तरी २०४८ वजा १, म्हणजे २०४७, हा २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांनी १७ देशांतील संगणकांच्या साहाय्याने या कुळातील ५२वी ज्ञात मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते. तिचे अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. एका पानावर ३ हजार अंक छापले, तरी १३ हजारांहून अधिक पाने लागतील.

व्यापाऱ्याला याचे काय, असे कोणी विचारील. वाशीच्या मसाला बाजारातील पेढीवरून बँकेचा ऑनलाइन व्यवहार होतो, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेमागे मूळ संख्यांचे गणित असू शकते. १९७७ मध्ये मांडल्या गेलेल्या आरएसए पद्धतीत आज सुमारे ३०० अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार कुलपासारखा वापरतात. गुणाकार उघड असतो, त्याचे अवयव गुप्त. ड्युरंट यांची संख्या येथे निरुपयोगी आहे, कारण ती साऱ्या जगाला ठाऊक आहे.

या कुलपाचे बळ घरीच पडताळता येते. मुलांना ८१९१ ही संख्या द्यावी. ती मूळ आहे, हे साध्या भागाकाराने सिद्ध करायला २ पासून ८९ पर्यंतच्या २४ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. चार अंकांसाठी २४ भागाकार. मग सहाशे अंकी गुणाकाराचे अवयव याच रीतीने शोधायला कोणत्याही संगणकाचे आयुष्य पुरणार नाही.