डाउनलोड्स आवरा, पण जपून!

दिवाळीला घर आवरतो आपण, पण लॅपटॉपमधलं डाउनलोड्स फोल्डर? तिथे जुनी तिकिटं, मेन्यूकार्डं आणि प्रेझेंटेशन्स वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. लिनक्सवाल्यांकडे यावर एका ओळीचा इलाज आहे: ‘फाइंड’ कमांड.

तिच्यापुढे फोल्डरचं नाव, मग फक्त फाइल्ससाठी ‘-टाइप एफ’, ‘-एमटाइम +१८०’ आणि शेवटी ‘-प्रिंट’. एमटाइम म्हणजे फाइलमधला मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. अपुरा दिवस मोजत नाहीत, त्यामुळे यादीत येतात त्या किमान १८१ दिवस न बदललेल्या फाइल्स.

गोची इथेच आहे. फाइल नुसती वाचली तर एमटाइम बदलत नाही. ऑफर लेटर किंवा भाड्याचा करारनामा तुम्ही कालच उघडला असेल, तरी कमांडच्या लेखी तो ‘जुना’च! म्हणून आधी यादी नीट वाचा, कामाचं दुसरीकडे हलवा आणि मगच ‘-प्रिंट’च्या जागी ‘-डिलीट’ लिहा. तेही अगदी शेवटी. अटींच्या आधी लिहिलंत तर फोल्डरमधलं सगळंच साफ!

आणि हो, इथे रिसायकल बिन नाही. गेलं ते गेलंच!