व्यायाम, ताण आणि वजन

वजन उतरावे म्हणून एखादा मनुष्य एकाएकी कडक व्यायामास आरंभ करतो. पहाटे धावणे, मग दंड, मग बैठका! आठ दिवसांनी तो वजनकाट्यावर उभा राहतो, तो काटा खाली येण्याऐवजी किंचित वरच सरकलेला! असे का व्हावे?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकट येताच त्यांतून काही द्रव्ये रक्तात मिसळतात. अशा द्रव्यांना संप्रेरके हे नाव आहे. त्यांपैकी ॲड्रेनॅलिन क्षणार्धात काम करते. हृदय धडधडू लागते, श्वास वाढतो. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक सावकाश येते आणि अधिक वेळ टिकते. यकृताकडून ते शर्करा तयार करवून घेते व शरीरातील साठे मोकळे करते. थंडी, जखम, विष किंवा अतिश्रम, कारण कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकाच वळणाचा असतो, हे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून मांडले. वाघ पाठीस लागला काय किंवा शर्यत लागली काय, या ग्रंथींना त्यांतील भेद फारसा कळत नाही!

मात्र सर्वच व्यायाम त्यांना सारखा वाटतो असे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ पुरुषांकडून निरनिराळ्या दिवशी ३० मिनिटे व्यायाम करवून घेतला. प्राणवायू घेण्याची ज्याची त्याची जी कमाल शक्ती, तिच्या ६० व ८० टक्के श्रमाने कॉर्टिसॉल वाढले. ४० टक्के श्रमाने मात्र ते उलट घटले.

आता काट्याकडे वळू. अनोळखी श्रमाने स्नायूंतील तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि त्यांच्या दुरुस्तीच्या काळात तेथे पाणी साचते. शिवाय सराव करणारे स्नायू ग्लायकोजेन या रूपाने शर्करेचा अधिक साठा करतात, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. म्हणजे आठ दिवसांत वाढलेले ते वजन बहुधा पाण्याचे असते, मेदाचे नव्हे. कॉर्टिसॉलने मनुष्य लठ्ठ होतो, असे भय काही जण घालतात. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली वर्णिलेल्या व्याधीत चेहरा व धड फुगते हे खरे. परंतु त्या व्याधीत हे संप्रेरक महिनोन्‌महिने चढलेलेच राहते. व्यायामाने चढलेले कॉर्टिसॉल विश्रांती मिळताच उतरू लागते.

विश्रांतीच मिळाली नाही, तर गोष्ट निराळी. तालमीत पहाटेच्या मेहनतीनंतर खुराक आणि झोप यांना जागा असते, ती उगीच नव्हे. कॉर्टिसॉल सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत अधिक आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. झोप तोडून मेहनत केली, तर दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते उतरावयाचे तितके उतरत नाही, आणि भूक मात्र वाढते.