दोन भाषांतील सामाईक असमकालिक क्लायंट : सीमेवरील काही प्रश्न

एकाच क्लायंटचा उपयोग अनेक प्रोग्रॅमिंग भाषांतून व्हावा, ही अपेक्षा नवी नव्हे. डॅनियल स्टेनबर्ग यांचे ‘कर्ल’ १९९८ साली त्या नावाने प्रसिद्ध झाले आणि २००० साली त्यातून ‘लिबकर्ल’ ही सी भाषेतील लायब्ररी पुढे आली. तिच्यावर पायथन, पीएचपी इत्यादी भाषांचे जोड बसविण्यात आले. तथापि, दोन्ही भाषांना स्वतःची असमकालिक व्यवस्था असेल, तर प्रश्न निराळा होतो. प्रस्तुत लेखात रस्ट व पायथन या जोडीपुरता त्याचा विचार केला आहे.

समजा, कळंबा तलावाची पातळी, राधानगरी धरणाचा विसर्ग, राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी आणि शेकडो पर्जन्यमापकांच्या नोंदी दर पाच मिनिटांनी मागवावयाच्या आहेत. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी ती ओलांडली गेली. अशा वेळी एका मंद सर्व्हरपायी इतर नोंदी खोळंबून चालणार नाही. म्हणून विनंत्या एकाच वेळी सोडावयाच्या आणि उत्तर येईल तसतसे ते घ्यावयाचे. जाळ्याचे काम रस्टने करावे व गणित पायथनने, ही वाटणी स्वाभाविक होय.

अडचण येते ती सीमेवर. पायथनच्या ‘असिंकआयओ’चा इव्हेंट लूप एका थ्रेडवर चालतो, रस्टमधील ‘टोकिओ’ आपले थ्रेड स्वतंत्रपणे चालविते. दोहोंना एकाच थ्रेडवर नांदविण्याचा खटाटोप आमच्या मते करू नये. टोकिओस तिच्या थ्रेडांवर राहू द्यावे. निकाल मात्र ‘कॉल_सून_थ्रेडसेफ’ या मार्गानेच पायथनच्या लूपकडे पोचवावा, कारण असिंकआयओचा फ्यूचर अन्य थ्रेडवरून हाताळणे सुरक्षित नाही. यात एक लाभही आहे. संकेतबद्ध जोडणी, दाबलेला मजकूर उलगडणे इत्यादी कामे रस्टमध्ये पायथनच्या जागतिक कुलपाशिवाय होतात. ते कुलूप केवळ पायथनची वस्तू घडविताना, क्षणभर घ्यावे लागते. (२०२४ सालच्या ३.१३ आवृत्तीत या कुलपाविना चालणारी प्रायोगिक बांधणी उपलब्ध झाली. तरीही फ्यूचरविषयीचा नियम कायम राहतो.)

याहून नाजूक प्रश्न विनंती रद्द करण्याचा. पायथनमध्ये टास्क रद्द केला की ‘कॅन्सल्डएरर’ हा अपवाद थांब्याच्या ठिकाणी उठतो. रस्टमध्ये असा अपवाद नाही. फ्यूचर टाकून दिला की काम संपते. परंतु टोकिओवर एकदा सोपविलेल्या टास्कची मूठ टाकून दिल्याने तो थांबत नाही, नुसता सुटा होतो! पायथनने रद्द केलेली विनंती मग पडद्याआड चालूच राहते, आणि पुराच्या रात्री हजारो सोडून दिलेल्या विनंत्या जोडण्या अडवून बसतात. म्हणून पायथनचा फ्यूचर रद्द झाल्याबरोबर त्या मुठीवरील ‘अबॉर्ट’ स्पष्टपणे पुकारावे. तेही पुढील थांब्याशी लागू होते, हे लक्षात असावे. उलट बाजूने, रद्द होणे व उत्तर येणे ही दोन्ही एकाच सुमारास घडली, तर रद्द झालेल्या फ्यूचरवर निकाल बसविण्याचा यत्न होऊन त्रुटी उठते; सबब तो रद्द झाला आहे काय, ही तपासणी पायथनच्या लूपच्या थ्रेडवरच, निकाल बसविण्याच्या क्षणी करावी. आधी रस्टच्या थ्रेडवर केलेली तपासणी निरुपयोगी होय.

लहान उत्तराची नक्कल करून ते पायथनला देणे सोपे व पुरेसे स्वस्त असते. मोठे उत्तर तुकड्यांनी द्यावे, आणि दोहोंमधील रांगेस मर्यादा असावी. कळंब्याचा तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून जाते. येथे तसे चालत नाही, कारण गळालेला तुकडा परत मिळत नाही. रांग भरली की रस्टनेच वाचन थांबवावयाचे. त्यामुळे दाब जोडणीतून थेट सर्व्हरपर्यंत मागे पोचतो.

नोंदी वाचावयाच्या असतील, तर विनंती रद्द करून पुन्हा पाठविण्यात बहुधा हानी नाही. परंतु सूचना पाठविणारी विनंती रद्द केली असता ती सर्व्हरपर्यंत पोचली होती किंवा नाही, हे क्लायंटला कळत नाही. ही उणीव दोहोंपैकी कोणत्याही भाषेने भरून निघणारी नव्हे. अशा प्रत्येक विनंतीस पायथनच्या बाजूसच एक अनन्य क्रमांक द्यावा, पुनःप्रेषणात तोच ठेवावा, आणि सर्व्हरने एकदा अंमलात आणलेला क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता पहिलेच उत्तर परत करावे.