मामंजींच्या फियाटमधला रेडिओ

आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक पांढरी गाडी उभी असते. कागदोपत्री ती प्रीमिअर पद्मिनी, १९७८ सालची. घरात मात्र सगळे तिला ‘फियाट’च म्हणतात. मैत्रिणींनो, तुमच्याकडे कुणा काकांची, मामांची अशी गाडी असेल. नसेल तर निदान कुणाच्या लग्नात फुलं लावून उभी असलेली तरी पाहिली असेल. ती बनवणाऱ्या प्रीमिअर कंपनीचे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ साली इथंच जन्मलेले. कंपनी काढली १९४४ साली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडत राहिली ती २००१च्या सुमारापर्यंत. मामंजींना हे सगळं तोंडपाठ आहे. गाडी विकायचा विषय निघाला की ते वालचंदांपासून सुरुवात करतात, मग विषय आपोआप संपतो.

गाडीत मूळचा रेडिओ आहे. दोन बाजूंना दोन गोल बटणं, मधे काट्याची पट्टी, आवाजाला एकच स्पीकर. सासूबाई सांगायच्या, तुळजापूरला जाताना त्यांना गाणी हवी असायची आणि मामंजींना बातम्या. बटण कुणाच्या हाताजवळ? मामंजींच्या. म्हणजे बातम्याच!

सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मामंजी रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसतात. चालवत नाहीत, नुसते बसतात. रेडिओ लावला तर खरखर. त्याचं कारण साधं आहे. तो फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह ऐकतो आणि आपलं सोलापूर केंद्र लागतं एफएमवर. शिवाय हल्लीचे एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर यांचा त्रास मीडियम वेव्हलाच जास्त. जे काही लागायचं तेही त्या गोंगाटात बुडतं.

माझ्या नणंदेनं १९८८ साली घरातल्या टेपवर सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या होत्या. कॅसेटला बुरशी धरायला लागली होती. माझ्या लेकीनं ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या एमपीथ्री प्लेअरमध्ये घातली. मोबाईलवर ऐकवल्या असत्या, पण मामंजी कानाला काही लावून घेत नाहीत. म्हटलं, गाडीतल्या रेडिओतूनच ऐकवू. त्यात काय अवघड आहे?

अवघड होतं. आधी सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा छोटा ट्रान्समीटर आणला. काही म्हणजे काही ऐकू येईना. नंतर डोक्यात प्रकाश पडला, हे यंत्र एफएमवर बोलतं आणि आपल्या रेडिओला एफएमचे कानच नाहीत. कॅसेटच्या आकाराचा एक अडॅप्टर मिळतो, पण त्याला टेप लागतो. एका दुकानात म्हणाले, “ताई, डॅशबोर्ड कापून नवा डेक बसवू, दोन तासांत काम!” मामंजी तिथून न बोलता गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या एकानं प्लेअरच्या वायरी थेट स्पीकरला जोडल्या, तर डास गुणगुणावा इतकाच आवाज! हेडफोनपुरती ताकद असलेला प्लेअर तो, गाडीचा स्पीकर कसा हलवणार? वर त्यानं रेडिओच्या दोन जुन्या वायरीही तोडून ठेवल्या. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. ‘हे’ मला एवढंच म्हणाले, “कशाला हात लावलास?”

शेवटी साड्यांच्या दुकानातल्या बाईंनी एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांचा पत्ता दिला. (आपल्या बायकांच्या ओळखी कुठल्या कुठं कामाला येतात!) चाचांनी रेडिओ टेबलावर पालथा केला आणि पाहून हसले. म्हणाले, “रेडिओचं अर्धं काम स्टेशन पकडायचं, अर्धं आवाज मोठा करायचं. पहिलं अर्धं राहू दे. आपण मधे शिरू.” आवाजाचं बटण असतं, तिथं त्यांनी प्लेअरच्या वायरीला डाग दिला. प्लेअरचे डावा-उजवा असे दोन आवाज आणि रेडिओ एकाच आवाजाचा, म्हणून दोन्ही थेट न जोडता दोन छोटे रेझिस्टन्स घालून एकत्र केले. रेडिओच्या आतला करंट प्लेअरमध्ये उलटा जाऊ नये म्हणून एक कंडेन्सर. एक छोटा स्विच, इकडे केला की रेडिओ, तिकडे केला की प्लेअर. पिन जोडायची जागा हातमोज्यांच्या कप्प्यात आत. डॅशबोर्डला एक भोकसुद्धा नाही. तोडलेल्या वायरीही जोडल्या आणि नवा फ्यूज घातला.

चाचांनी दोन गोष्टी बजावल्या, त्या तुम्हालाही सांगते. गाडीवरच चार्जिंग करत प्लेअर लावला तर इंजिनाबरोबर स्पीकरमधून ‘कुंईं’ असा आवाज येतो, म्हणून प्लेअर स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. आणि रेडिओ त्याहून जुना, व्हॉल्व्हचा असेल तर घरी उघडू नये. गाडी बारा व्होल्टची असली तरी त्याच्या आत शंभराच्या वर व्होल्ट खेळत असतात.

त्या संध्याकाळी मामंजी पुढे बसले, मी शेजारी. स्विच दाबला. त्याच जुन्या स्पीकरमधून, थोड्या घोगऱ्या, पण सासूबाईच. दुसरी ओवी संपता संपता टेपवर मामंजींचा तरणा आवाज आला, “बास की आता, बातम्या लागल्यात!” आणि त्यावर सासूबाईंचं हसू.

मामंजी काही बोलले नाहीत. काचेबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “यातलं तेवढं माझं बोलणं काढून टाकता येतंय का गं?”

मी म्हटलं, “येतं की. पण मग त्यांचं हसूही जाईल.”

“मग राहू दे,” म्हणाले. “पहिल्यापासून लाव.”