जनरलिस्ट म्हणजे अर्धवट नव्हे

निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कामाचा माणूस म्हणजे एका गोष्टीत पक्का असलेला माणूस. टर्नर, फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर. आयटीआयच्या दाखल्यावर एकच ट्रेड लिहिलेला असतो. म्हणूनच इथल्या घरातली ॲनिमेशन शिकणारी मुलगी ‘आमच्या शॉर्टफिल्मवर मी जनरलिस्ट आहे’ असं सांगते, तेव्हा वडील विचारतात, ‘म्हणजे नक्की येतं काय तुला?’ प्रश्न रास्त आहे, पण ‘सगळं थोडं थोडं येणारा म्हणजे काहीच धड न येणारा’ हा त्यामागचा समज चुकीचा आहे.

थ्रीडी शॉर्टफिल्मला स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक, मॉडेलिंग, टेक्श्चर, रिगिंग, ॲनिमेशन, लायटिंग, रेंडर, कंपोझिटिंग अशी कामं लागतात. मोठ्या स्टुडिओत यातल्या बहुतेक कामांना स्वतंत्र विभाग असतो. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटात ते जमत नाही, तेव्हा कुणाला तरी अनेक टप्पे उचलावे लागतात. या माणसाचं खरं कौशल्य सॉफ्टवेअरच्या संख्येत नसतं. आज घेतलेला निर्णय पुढच्या टप्प्यावर कुठे नडेल, हे त्याला आधी दिसावं लागतं. मॉडेलच्या कोपराला पुरेशा कडा दिल्या नाहीत, तर रिगिंग झाल्यावर, म्हणजे पात्रात हलणारा सांगाडा बसवल्यावर, हात वाकवताच कोपर चपटा होतो. मग पुन्हा मॉडेलिंग, पुन्हा वेट पेंटिंग, म्हणजे कोणतं हाड जाळीचा कोणता भाग किती ओढेल हे ठरवणं. हे स्वतः निस्तरलेला विद्यार्थी पुढचं पात्र पहिल्यापासूनच वाकण्याचा विचार करून बनवतो.

दुसरा गैरसमज खास या पट्ट्यातला आहे. ‘कॅटिया येतं, मग ॲनिमेशनचं मॉडेलिंग काय वेगळं?’ पुष्कळ वेगळं. कॅटियासारख्या कॅड सॉफ्टवेअरमधला पृष्ठभाग गणिती सूत्रांनी बांधलेला असतो, कारण त्यावरून डाय बनणार असते, पार्ट निघणार असतो आणि माप चुकलं तर पार्ट बसणार नसतो. ॲनिमेशनचं पात्र म्हणजे चौकोनी तुकड्यांची जाळी. त्या जाळीच्या ओळी डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती गोल फिरवाव्या लागतात, कारण पात्र हसताना चेहरा तिथेच ताणला जातो. कॅडचं मॉडेल थेट ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणलं की बहुतेक वेळा त्याचे असंख्य वेडेवाकडे त्रिकोण होतात. गिअरबॉक्स फिरताना दाखवायला ते चालतं, कारण गिअर वाकत नाही. चेहऱ्याला ते चालत नाही. मात्र कॅडवरून आलेल्या मुलांना मापाचं भान असतं आणि प्रत्येक भागाला नीट नाव द्यायची सवय असते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फायलींत रात्री घालवणाऱ्या गटात असा एक जण असावाच.

‘लाखांचं मशीन आणि महागडं सॉफ्टवेअर असल्याशिवाय फिल्म होत नाही’ हेही सर्रास ऐकू येतं. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर मोफत आहे. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसची ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच घडली आणि 2025 मध्ये तिला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. मशीनचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर बरंचसं नियोजनात आहे. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर तीन मिनिटांच्या फिल्मला 4,320 फ्रेम लागतात. एका फ्रेमच्या रेंडरला पाच मिनिटं लागली, तर एकाच मशीनवर 360 तास, म्हणजे अखंड पंधरा दिवस. तीच फ्रेम एका मिनिटात निघाली तर तीन दिवस. लायटिंग करणाऱ्याने ठेवलेला जास्तीचा दिवा, मॉडेल करणाऱ्याने हौसेने दिलेले केस, मागच्या काचेतलं प्रतिबिंब, हे सगळं या हिशोबात येतं, आणि तो हिशोब आधीच मांडणं हे जनरलिस्टचं काम आहे. आणखी एक, अगदी इथली गोष्ट: गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे या भागातल्या घरांना ठाऊक आहे. रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका, एकेका फ्रेमचं चित्र साठवा. वीज गेली तर दोन हजारावी फ्रेम जाईल, आधीच्या 1,999 शाबूत राहतील.

जनरलिस्ट म्हणजे सगळं एकट्याने करणारा, असंही समजलं जातं. तेही खरं नाही. दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले, त्यांनी छायाचित्रण केलं, लोणावळ्यात छापखाना काढला. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या हलवल्या. इतकी कामं हाताखालून गेलेला माणूस! तरीही ‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्याकडे होता, आणि फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या. झिलबालोडिसने ‘अवे’ ही 2019 ची फिल्म संगीतासकट एकट्याने केली, पण ‘फ्लो’साठी तीन देशांतल्या लोकांसोबत काम केलं. सगळे टप्पे ठाऊक असल्यामुळे दुसऱ्याला काम नेमकं सांगता येतं. विद्यार्थ्यांच्या गटात आवाजाचं काम तरी दुसऱ्याला द्यावं. शेवटच्या रात्री घाईत उरकलेला आवाज चांगलं ॲनिमेशन मारतो.

नोकरीचं काय? मोठ्या चित्रपटांचं व्हीएफएक्स करणाऱ्या कंपन्या बहुधा एका कामात मुरलेली माणसं शोधतात, हे खरं. पण जाहिराती, उत्पादनाची माहिती देणाऱ्या फिल्म, कारखान्यातल्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या फिल्म करणाऱ्या छोट्या स्टुडिओंना मॉडेलपासून रेंडरपर्यंत नेणारा माणूस लागतो. म्हणून सगळं शिकावं आणि एका कामात इतरांपेक्षा खोल जावं. दोन्ही एकत्र जमतं, कारण खोल कुठे जायचं हे सगळं करून पाहिल्यावरच कळतं.

विद्यार्थ्यांना एक सांगणं. श्रेयनामावलीत आणि शोरीलमध्ये ‘जनरलिस्ट’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या शॉटमध्ये कोणतं काम तुमचं आणि कोणतं गटातल्या दुसऱ्याचं, हे प्रत्येक शॉटखाली लिहा. आणि पालकांनी ‘येतं काय तुला?’ हा प्रश्न जरूर विचारावा, फक्त फिल्म पाहताना, एकेका शॉटवर थांबून.